अंथरूण राहू दे

१

सकाळचा चहा पोटात गेल्याशिवाय कोणी हाक मारलेली झोमार्तला खपायची नाही, आणि त्याची आई कुल्यान नेमकी तेव्हाच हाक मारायची. त्या दिवशीही तिने मारली.

"झोमार्तजान, येताना गाईसाठी मिठाचा खडा आण रे. परवापासून सांगतेय."

झोमार्तने गाडीचं दार धाडकन लावलं आणि निघाला. तालदीकोर्गानच्या बाजारातून आसपासच्या गावांना माणसं पोचवायची, हा त्याचा धंदा. बायको माहेरी गेली ती परत फिरकलीच नाही. घरात उरले तिघं: तो, आई आणि गाय. आई होती म्हणून त्याच्या पुढ्यात गरम जेवण येत होतं आणि अंगात धुतलेला सदरा होता. हे आमच्या अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. त्यालाही होतं, पण तोंडाने कबूल करील तर शपथ.

गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागताना थांबायचं असतं. तो थांबला नाही. डावीकडून सफरचंदांच्या पेट्या लादलेली एक जुनाट निवा गाडी येत होती, ती त्याच्या मागच्या दारावर येऊन आदळली. तसं फार काही झालं नाही. दाराचा पत्रा आत गेला, सफरचंदं रस्ताभर सांडली आणि भाजीवाल्या बायका ती गोळा करायला धावल्या. झोमार्त उतरला, मागच्या दाराच्या काचेवरून बाही फिरवून पाहिली. काच धड होती, साधा ओरखडाही नव्हता.

निवातून एक म्हातारा उतरला. नाव सैतकाझी. झोमार्तने माफी मागायला तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं, पण म्हातारा त्याच्या आधी बोलला.

"सूर्य डोळ्यांवर आला रे बाळा. मला काही दिसलंच नाही. सून रोज सांगते, आता गाडी सोडा म्हणून. माझीच चूक."

झोमार्तने तोंड मिटलं. पोलिसाने विचारलं तेव्हाही म्हातारा तेच म्हणाला आणि झोमार्त मूग गिळून उभा राहिला.

विमा कंपनीचा माणूस दुपारी आला. दुलात त्याचं नाव. पोरगेलासा, गळ्यात टाय, तोंडात सूर्यफुलाच्या बिया. त्याने दाराचा पोचा पाहिला आणि टरफल थुंकलं.

"नुसता पत्रा ना? मग बसा वाट बघत. पत्र्याला आमच्याकडे कोणी विचारत नाही. माणूस दुखावला असेल तर काम धावतं. गाडीत आणखी कोणी होतं का?"

हे विचारताना त्याने डोळा मारला की उन्हाने मिचकावला, देव जाणे. झोमार्तने मात्र त्यातून जे घ्यायचं ते घेतलं.

"आई होती," तो म्हणाला. "मागच्या सीटवर. माझ्या मागे."

२

कुल्यानने आधी कानांवर हात ठेवले.

"धडधाकट माणसाने आजारी म्हणून झोपू नये. कशाला बोलावणं धाडतोस?"

"कुणाला बोलावणं? घटकाभर पडायचंय. विव्हळायचं जरा. तुला काय डोंगर चढायला सांगतोय?"

"मी नव्हते ना रे गाडीत. मी तर धारेला बसले होते."

"ठीक आहे," झोमार्त म्हणाला. "मग गाय विकतो. पत्रा दुरुस्त करायचा तर माझ्यापाशी दुसरं काय आहे? आणि तू जा लेकीकडे, कारागंडाला. जावई ठेवून घेतो का बघ."

जावई ठेवून घेणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं. असं बोलायला जीभ रेटावी लागते, पण झोमार्तची जीभ आईपुढे नेहमीच सैल सुटायची. कुल्यान आतल्या छोट्या खोलीत गेली, जमिनीवर गादी टाकली, वर लाल फुलांची रजई घेतली आणि तोंड भिंतीकडे करून पडली.

दुलात आला, खोलीच्या दारात उभा राहिला, म्हातारीचं विव्हळणं ऐकलं, 'च्च च्च' केलं, चहा ढोसला आणि गेला. सगळं बिनबोभाट पार पडलं.

कुल्यान लगेच उठली. कुठल्याही आजाऱ्याने अंथरूण सोडलं की ते त्याच घटकेला गुंडाळायचं, ही आमच्याकडच्या बायकांची जुनी शिस्त. रजया झटकायच्या, घड्या घालून पेटीवर रचायच्या, जमीन मोकळी करायची. का, ते कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. तिने गादीचं टोक हातात धरलं होतं.

"अंथरूण राहू दे," झोमार्त म्हणाला. "लागेल अजून. उद्या-परवा परत कोणी तरी टपकेल, तेव्हा कुठे धावपळ करतेस?"

"उघडं अंथरूण ठेवू नये रे."

"आई, राहू दे म्हटलं ना!"

तिने गादी सोडली. रजई तेवढी सारखी केली, उशीचा खळगा हाताने बुजवला आणि दार लोटून घेतलं.

३

गाडी त्याने पाकच्या गॅरेजमध्ये टाकली होती. हा पाक उश्तोबेचा कोरियन, पत्र्याच्या कामात तरबेज आणि बोलायला महाचावट.

"या या, खाटीकमहाराज!" झोमार्तला पाहताच तो ओरडला. "आईला असं नेतात का गाडीतून? बटाट्याचं पोतं होती ती?"

"काय झालं?"

"हे बघ की."

मागच्या डाव्या, म्हणजे चालकाच्या बरोबर मागच्या, सीटचा पट्टा ताणलेला होता. बाहेर खेचलेला, ताठ, कोणाला तरी धरून ठेवल्यासारखा. आत मात्र कोणीच नव्हतं. पाकने तो हाताने ओढला, झटका दिला. पट्टा जागचा हलला नाही.

"जाम झालाय. आपटल्यावर असा होतो, पण सीटवर माणूस असेल तरच. रिकामा पट्टा आपला गुंडाळलेला राहतो. आणि ही काच बघ."

मागची डावी काच तडकली होती. एका जागेपासून चहूकडे तडे गेले होते आणि ती जागा माणसाच्या डोक्याच्या उंचीला होती. मार आतून बसला होता. तड्यात काही केस अडकले होते, लांब आणि पांढरे.

झोमार्तला काच आठवली. स्वतःच्या बाहीने पुसली होती. ओरखडा नव्हता.

"इथेच काही तरी आपटलं असेल," तो म्हणाला. "तुझ्या पोरांनी शिडी-बिडी मारली असेल."

"शिडीला केस असतात का रे?" पाक हसला. "म्हातारी वाचली ते नशीब समज. आज घरी जाऊन तिचे पाय धर."

पांढरे केस. कुल्यानचे केस अजून काळेभोर होते. त्याचा तिला गर्व होता, सणाला डोक्यावरचा रुमाल मुद्दाम मागे सारायची. झोमार्तने मनात हिशेब जुळवला: गेल्या आठवड्यात कोणी तरी म्हातारी बसली असेल, काचेला टेकून झोपली असेल. तडा आधीपासून असेल, आपल्याच लक्षात आला नसेल. पट्टा जुना आहे. झालं. असं एकेकाचं उत्तर मिळालं की माणसाला बरं वाटतं, आणि ती सगळी उत्तरं एकत्र ठेवून पाहायच्या फंदात तो पडत नाही.

मग त्याच्या डोक्यात दुसराच किडा वळवळला. त्याने दुलातला फोन लावला.

"या आणि फोटो काढून घ्या," तो म्हणाला. "पट्ट्याचा, काचेचा, केसांचा. मी म्हणत नव्हतो, आई होती म्हणून?"

४

आमच्याकडे ज्याची चूक, तो घोडा आणि चपान, म्हणजे मानाचा लांब झगा, घेऊन माफी मागायला जातो. हा वाडवडिलांपासूनचा दंडक. सैतकाझीपाशी घोडा कुठला असायला? विमावाल्यांकडून म्हातारीचं कळताच त्याने निवाच्या मागे पाय बांधलेलं मेंढरू घातलं, निळ्या मखमलीचा नवा चपान घेतला आणि सून मैराला गाडी चालवायला लावून तो झोमार्तच्या दारात येऊन थडकला. मैराच्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं रश्शाचं भांडं होतं.

झोमार्तच्या तोंडचं पाणी पळालं. कुल्यान गोठ्यात होती. खिडकीतून तिची पाठ दिसत होती, गाईच्या पोटाला डोकं टेकवून धार काढत होती ती. तिला आणायचं तर पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत अंगणातून आणावं लागणार.

"बसा, आधी चहा घ्या," तो म्हणाला. "आईचा आत्ताच डोळा लागलाय..."

"चहा मागून," सैतकाझी म्हणाला. "मी त्या माउलीला तोंड दाखवल्याशिवाय तुझ्या घरचं पाणी कसं पिऊ?"

आणि आजाऱ्याकडे आधी जायचं ह्या रीतीने तो सरळ आतल्या खोलीत शिरला. मागोमाग रस्सा घेऊन मैरा. झोमार्त मधल्या घरात खिळल्यासारखा उभा राहिला. आता म्हातारा बाहेर येणार, 'अंथरूण रिकामं आहे' म्हणणार आणि सगळ्या गल्लीत छी-थू होणार. तो काय सांगायचं ते जुळवू लागला. परसात गेली असेल, म्हणावं. बायकांचं असतं काही.

पण कोणी बाहेर आलं नाही. आत म्हातारा बोलत होता, थांबत होता, पुन्हा बोलत होता. थांबायचा तेव्हा दुसरं कोणी तरी बोलायचं. आवाज अगदी खालचा होता, शब्द कळत नव्हते. मग चमचा भांड्याला लागल्याचा आवाज आला, आणि रस्सा ओढून प्यायल्याचा.

झोमार्तने खिडकीकडे पाहिलं. कुल्यान गोठ्यातच होती. उठली, बादली उचलली, कमरेवर हात ठेवून वाकलेली पाठ सरळ केली.

सैतकाझी डोळे पुसत बाहेर आला.

"मोठ्या मनाची आहे रे तुझी आई. माफ केलं म्हणाली. चपान मी तिच्याच अंगावर घातला. हात किती गार पडलेत तिचे! जप तिला."

"सगळा रस्सा प्यायल्या," मैरा म्हणाली. तिचा चेहरा मात्र उतरला होता. "फार भूक लागली होती त्यांना. भाऊ, रोज जेवायला देताय ना?"

झोमार्तने मान डोलावली.

"मी आता गाडी चालवणं सोडलं," सैतकाझी दारात म्हणाला. "निवा विकून टाकतोय. झोप लागत नाही मला. सारखी ती तुझ्या पाठीमागे बसलेली दिसते. खरं सांगू, त्या दिवशी मला ती दिसली नव्हती. आता आठवतेय."

ते गेले आणि मागच्या दाराने कुल्यान दुधाची बादली घेऊन आत आली.

"कोण आलं होतं रे? निवाचा आवाज आला."

५

झोमार्त आईवरच खेकसला. म्हणाला, खिडकीतून आत शिरलीस, पडलीस आणि परत गेलीस, मला चकवायला. नाटकं करतेस. कुल्यान आ वासून बघत राहिली. त्या खिडकीतून मांजर जेमतेम गेलं असतं.

मग दोघं खोलीपाशी गेले. रजई सपाट होती. तिच्यावर निळा चपान पसरलेला होता, बाह्या दोन्ही बाजूंना नीट लावलेल्या. उशीत खळगा पडला होता. भांडं रिकामं होतं आणि अजून कोमट होतं.

"गुंडाळूया रे," कुल्यान हळूच म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. तू एक टोक धर."

खरं म्हणजे झोमार्तही वाकला होता. भीती वाटली होती त्याला, चांगलीच वाटली होती. गादीच्या कापडाला त्याची बोटं लागलीसुद्धा होती. तेवढ्यात फोन वाजला. दुलात होता.

"काम फत्ते, झोमार्तभाऊ! साहेब फोटो बघून हादरले. नुसता पत्रा नाही, गाडीच बदलून मिळायची लक्षणं आहेत. आमच्या डॉक्टरीणबाई येऊन आईंना तपासतील तेवढं राहिलं. आईंना मुळीच हलवू नका."

झोमार्त सरळ झाला. फोन खिशात घातला.

"अंथरूण राहू दे," तो म्हणाला.

कुल्यानने त्याच्याकडे असं पाहिलं की दुसरा कोणी असता तर जागच्या जागी विरघळला असता. तो बाहेर गेला.

त्या दिवसापासून घरात आईची जागा कमी कमी होत गेली. दुसरे शब्द मला सुचत नाहीत. आजारी माणसाची चौकशी करायला शेजारपाजारचे येत, हातात काही ना काही घेऊन. कुल्यान दार उघडायला जायची आणि ते तिच्या अंगावरून आतल्या खोलीत जायचे. बाहेर येताना डोळे टिपायचे. गाय लाथ मारू लागली. एके दिवशी झोमार्तने किटलीतून चहा ओतला आणि पहिला प्याला घेऊन सवयीने आतल्या खोलीच्या दाराशी ठेवून आला. मग स्वतःसाठी ओतला. कुल्यान हात पुढे करून बसली होती. किटली संपली होती.

"मला रे?" ती म्हणाली.

तो दचकला. तिच्यासाठी ओतायचा राहिला होता. आपण तो प्याला कुठे ठेवून आलो, हे तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. पण उठून परत आणायला त्याचे पाय धजले नाहीत. घटकाभराने प्याला दाराबाहेर आला होता, रिकामा.

समोरची बाल्झान आली तेव्हा तर हद्द झाली. जन्मभराची मैत्रीण ही, दोघींनी पोरं एकत्र वाढवली. आत जाऊन आली, चुलीपाशी भांडी घासणाऱ्या कुल्यानकडे एकदा पाहिलं आणि झोमार्तला म्हणाली, "बरं केलंस, कामाला बाई ठेवलीस ते. तुझ्या आईच्याने आता काही होणार नाही. कुठली आहे? हात साफ आहे ना तिचा?"

कुल्यान भांडं धरून तशीच राहिली. ती झोमार्तकडे बघत होती. एवढंच बघत होती की हा काय म्हणतो.

आता सांगावं तर सगळं सांगावं लागलं असतं. बाल्झानच्या तोंडात तीळ भिजत नाही. संध्याकाळच्या आत दुलातपर्यंत गेलं असतं.

"आहे कुठलीशी," झोमार्त म्हणाला. "ठीक आहे काम."

कुल्यानने मान खाली घातली आणि भांडं विसळलं.

६

डॉक्टरीणबाई सांगितलेल्या वेळेच्या आधीच आल्या. फाटकाशी गाडी थांबली तेव्हा कुल्यान बौरसाकचं, तळायच्या गोळ्यांचं, पीठ मळत होती. कोपरापर्यंत पीठ.

"जा, पड जाऊन!" झोमार्त म्हणाला. आज त्याला कुठलाच धोका पत्करायचा नव्हता. आतल्या खोलीत जे काही होतं ते म्हाताऱ्याला चाललं, बायकांना चाललं. डॉक्टरला चालेल कशावरून? डॉक्टरला हाडामांसाची आई दाखवायला हवी होती.

कुल्यान खोलीच्या दाराशी गेली. दार थोडं ढकललं, आत पाहिलं आणि परत आली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"जागा नाही रे तिथे," ती म्हणाली.

"काय?"

"जागा नाही. झोमार्तजान, नको ना. मी पाया पडते तुझ्या."

बाहेर पायरीवर बूट वाजले. झोमार्तने आईचा दंड धरला. ती हलकी होती, हल्ली फारच हलकी झाली होती. तिने पिठाच्या हाताने चौकट धरली, तिथे पाच बोटं उमटली. त्याने ती बोटं एकेक करून सोडवली.

"सरक म्हणावं तिला!" तो दात-ओठ खात म्हणाला, तिला आत लोटलं आणि दार ओढून घेतलं.

दाराला टेकून तो उभा राहिला आणि त्याला आतलं ऐकू आलं. रजई खसखसली. एखादी म्हातारी अंथरुणात दुसऱ्याला जागा करून देताना सरकते, तसं कोणी तरी सरकलं. मग खालच्या आवाजात, मायेने, कोणी तरी म्हणालं, "ये."

डॉक्टरीणबाई आत गेल्या. बराच वेळ होत्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळाला आठ्या होत्या.

"इतके दिवस घरी कसं ठेवलंत? छातीवर पट्ट्याचा काळानिळा वळ आहे. बरगड्या मोडल्यात, धड श्वास घेता येत नाहीये. आणि वर तुम्ही त्यांना पीठ मळायला लावता? हात बघा त्यांचे. एवढी पिकलेली म्हातारी, डोक्यावर एक काळा केस नाही, आणि..."

"काळा केस नाही?" झोमार्त म्हणाला.

"संध्याकाळी दवाखान्याची गाडी पाठवते. फार आशा धरू नका."

त्या गेल्या. खोलीचं दार बंद होतं. झोमार्तने कडीला हात लावला, तेवढ्यात स्वयंपाकघरातून पीठ आपटल्याचा आवाज आला. थप, थप. नेहमीचा. आई पीठ असंच आपटायची.

त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला. म्हणजे निसटली बाहेर. चलाख आहे म्हातारी. डॉक्टरने त्या दुसरीलाच तपासलं असणार. ही दुसरी कोण, ह्या विचाराच्या उंबऱ्याशी तो आला आणि तिथूनच माघारी वळला.

"आई, गाडी तयार आहे म्हणे. घेऊन येतो गं," त्याने आवाज दिला.

"बरं," स्वयंपाकघरातून आलं.

७

पाकने दार असं बसवलं होतं की हात फिरवूनही कळू नये. नवी काच चकचकत होती.

"तुझा तो पट्टा," पाक म्हणाला, "किती झटलो मी त्याच्याशी. पक्कड लावली, शिव्या दिल्या, हलेना. आणि आज दुपारी कोणी हात न लावता आपोआप सुटला. सर्रकन. धरलेलं सोडून दिल्यासारखा."

एरवी मागे लागणाऱ्या पाकने आज एकही टोमणा मारला नाही. दुलात तिथेच भेटला. शेवटची सही आईंची लागेल म्हणून झोमार्तच्याच गाडीत बसला. वाटेत झोमार्तने दुकानापाशी गाडी थांबवली आणि मिठाचा मोठा खडा घेतला. आज आईशी नीट बोलायचं त्याने ठरवलं होतं. सगळं मिटलं की अंथरूण गुंडाळायचं, दोघांनी मिळून. बाल्झानलाही सांगून टाकायचं, थट्टा केली म्हणून.

घरात बौरसाक तळल्याचा वास होता. दुलात सरळ आतल्या खोलीत गेला. चुलीपाशी ती पाठमोरी उभी होती. कमरेला आईचं फडकं, मानेवर काळ्याभोर केसांचा अंबाडा.

"मीठ आणलं गं," झोमार्त म्हणाला.

"ठेव तिथे."

त्याने ठेवलं. मग त्याला तिच्या अंगातली बाही दिसली. निळ्या मखमलीची, कोपरापर्यंत दुमडलेली.

"झोमार्तभाऊ," आतल्या खोलीतून दुलातची हाक आली. "या लवकर. आई बोलावताहेत."

तो गेला. कसा गेला ते त्याला कळलं नाही. लाल फुलांच्या रजईखाली त्याची आई पडली होती. केस उशीवर सुटले होते, लांब आणि पांढरेशुभ्र. कपाळाच्या बाजूला काचेने कापल्याची खूण होती. सदऱ्याच्या गळ्यातून डाव्या खांद्यावरून खाली गेलेला काळा वळ दिसत होता. हातांवर पीठ सुकलं होतं.

तो गुडघ्यांवर बसला. तिने त्याचा हात धरला, त्याची बोटं पिठाने खरखरली.

"झोमार्तजान," ती म्हणाली, "हे सगळे म्हणतात मी गाडीत होते. मला तर आठवत नाही. मी धारेला बसले होते ना रे? मी नव्हते ना गाडीत?"

दुलातने पिशवीतून डोकं वर केलं. त्याचं चघळणं थांबलं.

"काय म्हणाल्या?"

आत्ता 'नव्हतीस' म्हटलं की ती उठून बसेल. हे झोमार्तला कोणी सांगायला नको होतं, स्वतःचं नाव कळावं तितकं ते त्याला कळलं. एकच शब्द. आईच्या डोळ्यांतही तेच होतं, ती त्या शब्दाची वाट बघत होती. आणि दुलातही वाट बघत होता. त्याच्या मागे तुरुंग होता, खोटं बोलला म्हणून थुंकणारी गल्ली होती, सैतकाझीच्या मेंढराचं मटण खाल्लेली सगळी माणसं होती. दाराबाहेर दुरुस्त झालेली गाडी उन्हात उभी होती.

"होतीस, आई," झोमार्त म्हणाला. त्याला रडू कोसळलं, तरी तो पुढे बोलला. "मागच्या सीटवर. माझ्या मागे."

"असं होय," कुल्यान म्हणाली. जन्मभर तिने त्याचं म्हणणं खरं मानलं होतं, हेही मानलं. "तू म्हणतोस तर असेन बाबा."

तिचा हात सैल पडला.

दुलातने दोन्ही तळवे तोंडावरून फिरवले आणि मेलेल्या माणसासाठीची दुवा पुटपुटली. पोरगा असला तरी रीत त्याला माहीत होती. त्याने पिशवी बाजूला ठेवली, झोमार्तच्या पाठीवर हात ठेवला.

"दवाखान्याची माणसं आली की आईंना नेऊ द्या," तो म्हणाला. "आणि मग हे अंथरूण गुंडाळायला हवं, भाऊ. असं उघडं ठेवू नये."

झोमार्तने रडतच मान हलवली आणि गादीचं टोक धरायला हात पुढे केला. स्वयंपाकघरात प्याल्यात चहा ओतला जात होता. ओतणं थांबलं.

"झोमार्तजान," त्याच्या आईच्या आवाजात हाक आली, "अंथरूण राहू दे. लागेल अजून."